चॅपेलातल्या कांद्यांत खिळे

१

मंगळवारी दुपारी चहाच्या वेळी मी कपाट उघडलं आणि सेंट हेलन जागेवर नव्हती.

कपाटाचं कुलूप शाबूत होतं. किल्ली बिस्किटांच्या डब्यामागेच होती, आणि ती तिथं असते हे हेझलो या आमच्या इंग्लिश खेड्यातल्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे. आत जुनी चादर होती. तिच्यात गुंडाळून ठेवलेली ओकची फळी मात्र गेली होती.

फळी पोळपाटाएवढी, पण चौकोनी, बोटभर जाड. हिवाळ्यात चॅपेलच्या, म्हणजे या जुन्या छोट्या चर्चच्या, पूर्वेकडच्या भिंतीचा गिलावा पडला तेव्हा मागच्या कोनाड्याच्या तळाशी मातीत सापडली. तिच्यावर रंगवलेली, झऱ्याकाठी उभी हेलन, मागे अर्धवट बांधलेलं चॅपेल आणि गावातली माणसं. प्रत्येकाच्या खांद्यावर एकेक दगड, बायकांनी तर ओट्यात धोंडे घेतलेले. चॅपेलची खिडकी मधोमध नाही, डावीकडे सरकलेली. आमच्याच चॅपेलची ही खोड, सहाशे वर्षांत कुणी दुरुस्त केलेली नाही.

त्या काळी मोठं चर्च नदीपलीकडे होतं. पूर आला की लग्न खोळंबायचं आणि मयतही. म्हणून लोकांनी अलीकडे हे चॅपेल बांधलं. पुढे एका राजाने धर्म फिरवला आणि असली चॅपेलं बंद पाडली. देव गेला, मेंढ्या आल्या. मेंढ्या गेल्या, शाळा आली. शाळा गेली, बटाट्यांची पोती आली आणि शेवटी छप्पर कोसळलं. ते छप्पर माझ्या नवऱ्याने, ॲलनने, गावाला घेऊन पुन्हा चढवलं. आज अर्ध्या भागात माझं दुकान आहे आणि अर्ध्यात गावाची बैठक, लसीकरण, नाच, दिवसकार्याचा चहा, सगळं. ॲलन गेल्यावर मी नाशिकला परत जाईन असं सगळ्यांना वाटलं होतं. मी गेले नाही, कारण सकाळी हे दार उघडलं की मला घरात आल्यासारखं वाटतं.

आणि आता गावचा जमीनदार जाइल्स स्टॅनफर्थ म्हणत होता की हे चॅपेल नव्हतंच कधी. त्याच्या पूर्वजांनी मेंढ्यांसाठी बांधलेला गोठा, म्हणजे त्याची मालमत्ता. त्याला तिथं सुट्टीवर येणाऱ्यांसाठी बंगली करायची होती, दारात गरम पाण्याचा हौद घालून. फळी आम्ही जुन्या बाजारातून आणली असंही तो म्हणाला. याचा निवाडा करायला शनिवारी जिल्ह्याच्या अधिकारी बाई येणार होत्या. फळीच्या पाठीवर एक लाकडी खुंटी होती आणि कोनाड्यातल्या दगडात एक खाच. त्यांच्यासमोर खुंटी खाचेत बसली की फळी याच भिंतीसाठी घडवली हे सिद्ध होणार होतं. फोटो पुष्कळ होते, पण खुंटी फोटोतून बसत नाही.

तो नेमका माती भरण्याचा दिवस होता. शनिवारी झऱ्याच्या सजावटीचा सण, म्हणजे मातीवर पाकळ्यांचं चित्र करून ते अंगणातल्या झऱ्याला वाहायचं; त्याआधी मंगळवारी लाकडी चौकटीत ओली माती थापायची. माती दरवर्षीप्रमाणे स्टॅनफर्थांच्या नदीकाठच्या मळीतून आणली होती, आणि आठवड्याने दरवर्षीप्रमाणे वाजतगाजत तिथंच परत पोचवायची होती. बाहेर अंगणात निम्मं गाव अनवाणी पायांनी चिखल तुडवत गात होतं.

मी ओरडले तसा रेग बॅगशॉने दार अडवलं. सजावटीचा मुख्य तोच. आम्ही चॅपेल उलथंपालथं केलं. पोती उपसली, पेटीचं झाकण काढलं, पिंपात हात घातले. फळी कुठंच नव्हती.

आणि दाराशी बसलेल्या ऑलरेनशॉ बाई म्हणाल्या, "माझ्यासमोरून ती बाहेर गेलेली नाही."

२

ऑलरेनशॉ बाई म्हणजे चॅपेलात शाळा होती तेव्हाच्या शेवटच्या मुख्याध्यापिका. गावातली पन्नाशीची माणसंही त्यांच्यापुढे आली की आधी नखं बघतात. कंबर गेली आहे, नजर शाबूत आहे. सकाळपासून त्या किटली घेऊन एकुलत्या एका दारात बसल्या होत्या. चोरी आपल्या नाकाखाली झाली याचा त्यांना जो राग आला होता, तो मी कधी पाहिला नव्हता.

"ऊन होतं. सगळे शर्टाच्या बाह्या वर करून, पँटी गुडघ्यापर्यंत," त्या मला म्हणाल्या. "पोळपाट शर्टात लपत नाही, शेरी. चल, एकेकाला आत घे."

माझं नाव शरयू. इथं त्याचं पहिल्याच आठवड्यात शेरी झालं.

सकाळी फळी जागेवर होती, मीच पाहिली होती. नंतर अंगणातली मंडळी दुसरी खेप गाडीतून उतरवायला गेली होती. त्या वेळात चौघंच एकेकटे आत होते. चहाचं पाणी बघायला आलेल्या पाद्रीण फिलिपा हॅलम. आपलं भिंग न्यायला आलेली इमोजेन कॅलो, जुन्या चित्रांची डागडुजी करणारी, शहरातून आलेली. चौकटी मांडणारा रेग. आणि जाइल्स.

हो, जाइल्स. त्याने यंदा पहिल्यांदाच चिखलाला हात लावला होता. तो म्हणाला होता, भांडण चॅपेलचं, सणाचं नाही. बायकांनी त्याचं फार कौतुक केलं. मीसुद्धा त्याला ओटकेक, म्हणजे इथलं धिरडं, वाढला, वर चीज घालून. आता ते आठवलं की जीव जळतो.

फिलिपा हॅलम घाईत होत्या, त्यांचे पाय अजून चिखलाने भरलेले होते. किटलीपाशी दोन क्षण थांबल्या आणि परत गेल्या, हे बाईंनीच पाहिलं होतं. इमोजेन रडकुंडीला आली होती. तिची आधीची मागणी सगळ्यांना माहीत होती: फळी शहरातल्या संग्रहालयात द्या, इथं कांद्याबटाट्यांत तिचं मातेरं होईल. बाईंनी तिला एकच विचारलं, तू ती लपवली असतीस तर कुठं?

"कोरड्या जागी," ती लगेच म्हणाली. "बाकी काहीही चालेल, पण ओल नको. आज इथं नुसती ओलच ओल आहे. मी आजचा दिवस निवडलाच नसता."

जाइल्सने खुर्चीत मागे रेलून सगळं सांगितलं. पहिली चौकट तो सपाट करत होता, रेगनेच सांगितलं होतं. कपाटाकडे पाहिलंही नाही. मग हसून म्हणाला, "बाई, राग मानू नका. जे कधी खरं नव्हतं ते दाखवायच्या आधीच हरवणं सोयीचं असतं, नाही का? गावाच्या दृष्टीने."

"नीट बस," बाई म्हणाल्या, आणि तो नीट बसला.

रेग शेवटी आला. किल्लीची जागा त्याला माहीत होती, सकाळी चॅपेल उघडलं त्यानेच, आणि सगळ्यांत जास्त वेळ आत होता तोही तोच. संध्याकाळपर्यंत पबमध्ये जी कुजबुज सुरू झाली ती मला दुकानात बसून ऐकू आली. रेगची बहीण स्टॅनफर्थांच्या घरात भाडेकरू होती. चोर रेगच, असं गाव म्हणायला लागलं.

३

बुधवारी माझं नेहमीचं गिऱ्हाईक मेविस फर्न कांद्यांची पिशवी घेऊन तणतणत आली.

"शेरी डक, मी कांदे मागितले होते, लोखंड नाही."

डक ही इथली लाडाची हाक. पिशवीत गंजका, वाकडा खिळा होता. मी माफी मागितली, दुसरे कांदे दिले आणि ती गेल्यावर टोपली उपडी केली. तळाशी आणखी मूठभर खिळे निघाले. ओले, गंजलेले. दुकान माझं, टोपली माझी, बदनामीही माझीच. मी ते केराच्या डब्यात टाकणार इतक्यात मागून काठी टेकल्याचा आवाज आला.

"थांब," ऑलरेनशॉ बाई म्हणाल्या. "काल ही टोपली कुठं होती?"

मी आठवून सांगितलं. माती भरायला जागा हवी म्हणून टोपल्या भिंतीकडे सरकवल्या होत्या. कांद्यांची टोपली पहिल्या चौकटीला लागूनच होती.

बाईंनी खिळे रुमालात बांधले. मी विचारलं, तर म्हणाल्या की आधी रेगचं काम होऊ दे. शेजारच्या अर्ध्यात पाकळ्या लावणं सुरू होतं. आधी ऑल्डर झाडाच्या काळ्या बोंडांनी रेघा आखायच्या, मग शेवाळ, बिया, साली आणि शेवटी पाकळ्या, खालून वर, कौलं चढवावीत तशा, म्हणजे पाऊस वाहून जातो. जे उगवतं तेच वापरायचं, हा नियम. मी पहिल्या वर्षी आले तेव्हा म्हटलं होतं, अगं बाई, ही तर उभी रांगोळी. तेव्हापासून रेग मला आकाश भरायला देतो.

त्या दिवशी त्याच्या टेबलाशी फारसं कुणी बसलं नाही. मी बसले. हायड्रेंजियाच्या निळ्या पाकळ्या चिखलात दाबत राहिले. तो मान वर न करता म्हणाला, "तुलाही तसंच वाटत असेल तर सांग. मी उठून जाईन."

"तू उठलास तर माझं आकाश वाकडं होईल," मी म्हटलं. तो जरासा हसला. मला तेव्हा फार वाईट वाटलं, कारण शंका माझ्याही मनाला चाटून गेली होती.

४

शुक्रवारी सकाळी सजावट झऱ्यावर उभी केली आणि दुपारी तिचा खालचा उजवा कोपरा तडकला.

चित्र हेलनचंच होतं. बाकी सगळं टवटवीत, आणि त्या कोपऱ्यात हिरवळ मलूल, माती भेगाळलेली, खाली घसरू पाहणारी. लोक जमले. कुणी तरी म्हणालं, मन थाऱ्यावर नसेल तर हात कसा चालणार? रेगने टोपी काढली आणि पाठ फिरवली. इतक्या वर्षांत त्याच्या हातची चौकट कधी तडकली नव्हती.

ऑलरेनशॉ बाई काठी टेकत पुढे झाल्या. बराच वेळ त्या कोपऱ्याकडे बघत राहिल्या. मग आम्हा दोघांना चॅपेलात नेऊन त्यांनी दार लावलं आणि रुमाल सोडून खिळे टेबलावर ठेवले.

"रेग, हे कुठले?"

त्याने एक उचलला, आणि त्याचा चेहरा बदलला. "माझ्या चौकटीचे. माझ्या बापाने ठोकलेले. बाई, हे तिथून निघाले तर माती..." तो थांबला. "माती राहणारच नाही."

"आणि त्या मातीखाली काही सपाट ठेवलं असेल तर?"

"तर वरचा थर पातळ होईल. लवकर वाळेल." रेग उठलाच. "मी आत्ता फोडतो."

मीही उठले. फळी हाताच्या अंतरावर होती, चॅपेल वाचलं होतं, मला तर रडू यायला लागलं. पण बाईंनी काठी आडवी धरली.

"आज फोडलंस तर फळी मिळेल आणि चोर सुटेल. तो म्हणेल, यांनीच लपवली, यांनीच काढली, सगळा बनाव. आणि तुझं नाव तसंच राहील. आशीर्वादाआधी सजावट फोडलेली तुला तरी चालेल का?"

रेग खाली बसला. नाही चालणार, म्हणाला.

"तिला ओल लागली तर?" मी विचारलं.

"ज्याने लपवली त्याला ती शाबूत हवी असावी. विकता येते ना. उद्या मी त्याला सगळ्यांदेखत दोन प्रश्न विचारीन," बाई म्हणाल्या. "शाळेत असताना तो पाठ न करता उत्तरं द्यायचा. ती सवय गेली नसेल तर बरं."

रात्रभर मला झोप आली नाही. पाऊस आला असता तर तो कोपरा खाली आला असता.

५

पाऊस आला नाही. शनिवारी बँड आला, मुलं आली, जिल्ह्याच्या अधिकारी बाई वही मिटून पहिल्या रांगेत बसल्या. त्यांच्या शेजारी जाइल्स. स्टॅनफर्थ मंडळी पिढ्यान् पिढ्या पहिल्या रांगेत बसत आली आहेत, सजावट समोरून बघत.

फिलिपा हॅलमनी झऱ्याला आशीर्वाद दिला. आमेन झालं आणि ऑलरेनशॉ बाई उभ्या राहिल्या.

त्या म्हणाल्या की एक छोटीशी सूचना आहे. यंदा सजावट उतरवल्यावर माती स्टॅनफर्थांच्या मळीत जाणार नाही. इथंच चाळून चॅपेलच्या बागेत घालायची.

कुजबुज झाली. सगळ्यांत आधी उठला तो जाइल्स.

"असं कसं? माती जिथली तिथं जाते, ही प्रथा आहे. शेकडो वर्षांची."

"तुला कधीपासून प्रथांचा कळवळा?"

लोक हसले. जाइल्सही हसला, पण बसला नाही. म्हणाला, गावाला त्रास नको, तो स्वतःचा ट्रॅक्टर आणेल. हवं तर आजच घेऊन जाईल.

"आज? सण आठवडाभर असतो, जाइल्स. तुला आज कसली घाई?"

तो तडकलेल्या कोपऱ्याकडे बोट करून म्हणाला की सजावट तशीही बिघडली आहे, ठेवून काय शोभा? रेगची मूठ आवळलेली मला दिसली.

"बरं, दुसरा प्रश्न," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता थेट वर्गातला होता. "तू मंगळवारी चौकट भरलीस. मग सांग, उभ्या चौकटीवर माती कशाने धरून राहते?"

जाइल्स खांदे उडवून म्हणाला, "कशाने म्हणजे? ओली असते. चिकटते."

मग मेविस फर्नची धाकटी नात मोठ्याने म्हणाली, "खिळ्यांनी."

६

हेझलोत पाच वर्षांच्या पोरालाही ते माहीत असतं. चौकटीच्या तळाला अर्धवट ठोकलेले खिळे असतात, दाट, माती त्यांना धरून राहते. ज्याने एकदा तरी चौकट केली आहे तो एक वेळ स्वतःचा दात उपटेल, पण खिळा उपटणार नाही.

बाईंनी रुमाल उघडून खिळे पहिल्या रांगेसमोरच्या टेबलावर ओतले.

"हे शेरीच्या कांद्यांत सापडले," त्या अधिकारी बाईंना म्हणाल्या. "कुणी तरी त्या कोपऱ्यातले खिळे भंगार समजून उपटले, कारण खाली एक सपाट वस्तू ठेवायची होती. रेग असता तर त्याने हे केलं नसतं, कोपरा तडकणार हे त्याला आधीच कळलं असतं. फिलिपाबाई दर वर्षी एक चौकट भरतात. इमोजेन जुन्या रंगाजवळ ओला चिखल येऊ देणार नाही. उरला तो, ज्याने सजावट जन्मभर समोरून पाहिली आणि मागून कधीच नाही. पण माती शेवटी कुठं जाते हे मात्र त्याला पक्कं माहीत होतं." त्या जाइल्सकडे वळल्या. "चोरीचा माल आम्हीच तुझ्या दारात पोचवणार होतो. बँड लावून. अक्कल चांगली चालवलीस, अभ्यास तेवढा केला नाहीस."

जाइल्स म्हणाला की हा सगळा तमाशा आहे, त्या चिखलात काहीही नाही.

"मग फोडायला तुझी हरकत नसेल. रेग."

रेग पुढे झाला. आधी फिलिपा हॅलमकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. मग त्याने स्वतःच्या हाताने तो कोपरा उकरला. निळसर माती खाली पडली आणि आतून मेंढ्यांच्या खाद्याची जाड पिशवी निघाली, नीट गुंडाळलेली, त्यावर स्टॅनफर्थांच्या शेताचा शिक्का.

"प्लॅस्टिक," रेग म्हणाला. चोरीपेक्षा त्याला त्याचाच राग जास्त आला होता. "झऱ्याच्या सजावटीत प्लॅस्टिक घातलंस."

इमोजेनने जपून पिशवी कापली. फळी कोरडी होती. हेलनचा निळा झगा जसाच्या तसा, आणि दगड वाहणारी माणसंही. कुणी तरी टाळी वाजवली आणि मग थांबेनाच.

आम्ही सगळे चॅपेलात घुसलो, मावलो तेवढे. बाकीचे खिडकीला लटकले. इमोजेनने मला म्हटलं, शेरी, तू बसव. मी म्हटलं, मी कोण? बाई म्हणाल्या, "चॅपेलात रोज येणारी तूच ना? बसव."

मी फळी कोनाड्यात धरली. खुंटी खाचेला लागली, जरा अडली, आणि मग बरणीचं झाकण बसावं तशी आत गेली. हलवून पाहिली, हलेना. फळीवरची चॅपेलची खिडकी डावीकडे होती आणि तिच्या वर आमची खरी खिडकी, तीही डावीकडे. अधिकारी बाईंनी भिंग घेऊन खाच पाहिली, जुना चुना पाहिला, आणि वही उघडली. त्या म्हणाल्या, "गोठ्यात मेंढ्यांसाठी कुणी संत टांगत नाही." बाहेर बँडला कुणी तरी निरोप दिला असावा, कारण तेवढ्यात ढोल वाजला. मी तिथंच रडले, आणि मला कुणी थांबवलं नाही.

शरद ऋतूत निकाल आला. चॅपेल गावाचं. जाइल्सने दावा आधीच मागे घेतला होता, चोरीचा खटला वेगळा चालू आहे. पण त्याआधी, सण संपला त्या दिवशी, आम्ही माती प्रथेप्रमाणे त्याच्याच मळीत नेऊन ओतली. आख्खं गाव मिरवणुकीत, पुढे बँड आणि गाडीवर रेग, डोक्यावर नवी टोपी. ज्यांनी त्याच्याबद्दल कुजबुज केली होती तेच गाडी ओढत होते, बाईंनी त्यांना नावं घेऊन जुंपलं होतं. जाइल्स फाटकात उभा राहून बघत होता. ढिगावर मेविसने एक कांदा ठेवला.

त्या संध्याकाळी मी दुकान आवरत होते. बाई दाराशी होत्या. म्हणाल्या, "आता तरी किल्लीची जागा बदल."

मी विचार केला. मग म्हटलं, "बाई, ज्यांनी दगड वाहिले त्यांना किल्ली कुठं असते ते ठाऊक नको का?"

बाईंनी डब्यातलं एक बिस्किट घेतलं. मी किल्ली त्याच डब्यामागे ठेवली आणि आम्ही दोघी घरी गेलो.